हैबतीच्या खळ्यातला संप

हैबतीने ठरवलं होतं ते इतकंच, की गोधडीचं काम जरा शिस्तीत व्हावं. यात वाईट काय होतं, असं तो आजही विचारतो. (उत्तर देणारे वाडीत पुष्कळ आहेत, पण तो ऐकायला थांबत नाही.)

अठ्ठावीस साली मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हैबती बोटीने बाणकोट, मचव्याने महाड आणि पुढे पायी असा पोलादपुरावरच्या आपल्या वाडीत येऊन दाखल झाला. गिरणीत तो दोन माग सांभाळत असे. मालकाने तिसरा माग गळ्यात मारायचं काढलं, तेव्हा साऱ्या खात्याबरोबर हैबतीही हात बांधून उभा राहिला. कसा उभा राहिला, ते तो रोज संध्याकाळी ओट्यावर वाडीला सांगे. उभं राहून दाखवीही.

"मारामारी नाय, शिवीगाळ नाय. नुसते हात बांधायचे, हनुवटी वर करायची. मालकाला आपसूक घाम फुटतो."

बायका दाराआड बसून ऐकत. यांना काय कळतंय, असं हैबतीला वाटे. पहिली चूक ती.

घरात शकूचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. या वाडीची मुलगी सासरी जाते ती आईच्या हातची गोधडी घेऊन. विकतची चादर कितीही भारी असो, चालत नाही. गोधडीविना गेलेल्या मुलीला "हिच्या माहेरात बाईमाणूस नव्हतं काय" हे सासरी, उमरठला, जन्मभर ऐकावं लागलं असतं. हैबतीच्या बायकोने, ठकूबाईने, त्यासाठी बारा वर्षं गाठोडं राखलं होतं. त्यात तिची विरलेली लुगडी होती, शकूच्या परकराची चिंधी होती, मेलेल्या सासूच्या चोळीची बाही होती आणि हैबतीने गिरणीतून आणलेले छापील तुकडेही होते. (गोधडी म्हणजे नुसत्या चिंध्या जोडणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाच पदरांतून सुई एकदा आरपार काढून दाखवावी आणि मग तोंड उघडावं.)

कामाची रीत ठरलेली. गोधडी घरापुढच्या खळ्यात पसरायची. चार बाजूंना चौघींनी बाहेर बसायचं आणि कडेकडून आत, फेऱ्याफेऱ्याने टाके घालत मध्याकडे यायचं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ठकूबाईकडे शेजारची रंगूबाई आली होती, खालच्या आळीची बनुबाई आली होती आणि चौथ्या बाजूला शकू स्वतः होती. सुई चाले तशी तोंडंही चालत.

हैबतीने तीन दिवस पाहिलं. रंगूबाईची सुई नणंदेच्या गोष्टीत अडकली की ऊन कलेपर्यंत सुटत नसे. चौथ्या दिवशी त्याने सकाळी रॉकेलचा रिकामा डबा घेतला आणि खळ्यात उभं राहून धडाधडा बडवला. बनुबाई भरली घागर घेऊन धावत आली.

"कुठं लागली आग?"

"आग नाय. भोंगा झाला. कामावर बसा."

बसल्या. मग हैबतीने नियम सांगितले. काम चालू असताना बोलायचं नाही. डबा वाजल्याशिवाय उठायचं नाही. आणि इतक्या शिस्तीत काम होणार, तर एकच गोधडी कशाला? विहीणबाईंनाही एक होऊ दे. त्याने शेजारी दुसरी पसरली. प्रत्येकीने एक फेरा हिच्यावर घालायचा, एक तिच्यावर.

ठकूबाईने सुई कापडात खोचली आणि हात बांधले. रंगूबाईने बांधले. बनुबाईने बांधले. शकूने बापाकडे पाहिलं, जरा लाजली आणि बांधले. चौघींच्या हनुवट्या वर होत्या. हुबेहूब तशाच.

"हे काय?" हैबती म्हणाला.

"मालकानं तिसरा माग दिला म्हनून तुमी घरी आलात," ठकूबाई म्हणाली. "तुमी आमाला दुसरी गोधडी दिलीत. आता आमी कुठं जायाचं? आमी तर घरीच हाव."

"अगो, पण लग्न पाच दिवसांवर..."

"घाम फुटला गो ह्याला," रंगूबाई म्हणाली.

आता इथे एखाद्या शहाण्याने डबा ठेवून दिला असता. पण मुंबईच्या मालकापुढे न वाकलेला माणूस स्वतःच्या खळ्यात काय म्हणून वाकेल? "तुमच्यावाचून अडत नाय," तो म्हणाला. "बदली माणूस आणतो."

खालच्या आळीतून बाई मिळेना. वाटेवर रंगूबाई बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सगळं सांगत होती. शेवटी हैबती आपल्याच गिरणीतल्या, आपल्यासारख्याच संपामुळे वाडीत आलेल्या कोंडाजीला ओढून घेऊन आला. कोंडाजीने सुई उलटसुलट करून पाहिली.

"हैबती, आपण संपफोडे तर नाय ना रे?"

"घरात संप नसतो. घरात असतो तो रुसवा. दोरा ओव."

आयुष्यभरात दोघांनी महाड ते मुंबई पुरेल इतकं कापड विणलं असेल. सुई कधी धरली नव्हती. हैबतीला बाहेर बसून हात पुरेना, म्हणून तो सरळ गोधडीच्या मध्यावर मांडी घालून बसला आणि स्वतःभोवती टाके घालत सुटला. एकेक टाका बोटभर लांब. तीन-चारदा सुई मांडीत गेली, पण तो ओरडला नाही, कारण ठकूबाई दारात उभी होती. दुपार कलेपर्यंत फेरे वीतभर आले.

"बघ," तो कोंडाजीला म्हणाला, "न बोलता काम केलं की कसं होतं."

तेवढ्यात खळ्याच्या तोंडाशी उमरठचे व्याही, चांगूबा, येऊन उभे राहिले. वऱ्हाड केव्हा निघायचं ते ठरवायला आले होते.

"या, या, व्याहीबुवा," म्हणत हैबती लगबगीने उठला. गोधडीही उठली. पाच पदरांची, कोंडाजीच्या हातातलं टोक हिसकावून, हैबतीच्या धोतराला पुढून मागून टाचलेली.

चांगूबांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली. "हैबतीबुवा, ही पोरीला द्यायची हाय, का तुमी नेसायला शिवलीत?"

हैबती खाली बसला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कोंडाजी हळूच कुंपणाच्या वईपलीकडे गेला होता.

"अगो," हैबती दाराकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "जरा सोडव."

"आमचा संप हाय," ठकूबाई म्हणाली.

"मागण्या सांग."

"डबा वाजायचा नाय. बोलाय कुणी अडवायचं नाय. एका टायमाला एकच गोधडी. आन दुपारचा गुळाचा च्या तुमी करायचा, आमी बसून पिणार."

"च्या पण?"

"मंग बसा तसंच. व्याह्यांना पानी मी देते."

हैबतीने व्याह्यांकडे पाहिलं. ते पागोटं मांडीवर ठेवून ऐसपैस बसले होते आणि घाईत दिसत नव्हते.

"कबूल," हैबती म्हणाला.

ठकूबाईने विळा आणला आणि बोटभर टाक्यांना हातही न लावता त्यांच्या कडेने धोतर कापलं.

"अगो, टाके उसव ना. धोतर नवं हाय."

"गोधडीला घातलेला टाका उसवायचा नाय. पोरीची हाय ती."

हैबती भिंतीला पाठ लावून घरात गेला. गोधडी पुढच्या चार दिवसांत गप्पा मारत झाली. मधोमध धोतराचा पांढरा तुकडा तसाच राहिला आणि शकू ती डोक्यावर घेऊन उमरठला गेली. दुपारचा चहा रोज हैबतीने केला. रंगूबाईने तो रोज पुन्हा उकळायला लावला.

पावसाळ्यानंतर मुंबईचा संप मिटला. गिरणीच्या दारात सगळे जमले असता कोंडाजी सांगू लागला, "आमच्या वाडीत पण संप झाला. सकाळी सुरू, दिवस मावळायच्या आत खलास. सगळ्या मागण्या मंजूर."

"शाबास. जिंकले कोण, कामगार?"

"तर काय."

लोकांनी हैबतीच्या पाठीवर थापा मारल्या. मग कुणीतरी विचारलं, "पण असला नरम मालक होता तरी कोण?"

कोंडाजीने तोंड उघडलं. हैबतीने कमरेची चंची सोडली आणि तंबाखूसकट त्याच्या हातात ठेवली.

ती अजून परत आलेली नाही.