लीलाबाईच्या अंगणातलं गवत

लीलाबाई वारल्याचं ज्या दिवशी सानगडीत कळलं, त्या दिवशी अर्धं गाव तिच्या नवऱ्याच्या, तेजरामच्या अंगणात येऊन बसलं आणि उठताना प्रत्येक जण मागचा मुरूम झटकत गेला. तेवढ्या दुःखातही तेजरामच्या ते लक्षात राहिलं. कारण लीलाबाई नेहमी म्हणायची, "आंगनात मऊ गवत लावा ना जी. आला-गेला माणूस पाय पसरून बसन." तेजराम दरवेळी 'पुढच्या साली' म्हणायचा. आता पहिल्या स्मृतिदिनाला येणारे लोक गवतावरच बसतील, असं त्याने ठरवलं.

साकोलीत अतुलचं बी-बियाण्याचं दुकान होतं.

"गवताचं दे," तेजराम म्हणाला.

अतुलने तणनाशकाची बाटली पुढे ठेवली.

"माराचं नाही बे, उगवाचं!"

दुकानातले शेतकरी वळून बघायला लागले. धानाच्या मुलखात गवत विकत घेणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

"काकाजी, तब्येत बरी हाय ना?" अतुलने हळूच विचारलं.

"लॉन कराचं हाय. तुह्या काकूसाठी."

अतुलने बाटली परत फळीवर ठेवली. आत जाऊन त्याने पाकिटं शोधून आणली. "ऊन पडते का आंगनात?"

"पडते. एका बाजूनं आंब्याची सावली हाय."

"मंग हे न्या. बर्मुडा. कितीही तुडवलं तरी मरत नाही."

तेजरामला नाव भारदस्त वाटलं. त्याने धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकतात तसं अंगण खणलं, ढेकळं फोडली, शेणखत घातलं आणि बी फेकलं. हिरवी लव आली. सकाळ-संध्याकाळ तो तिच्याकडे बघत बसायचा. मग मुलीकडे कारध्याला जाऊन आला, तर अंगण साफ! शेजारची तुळसाबाई कमरेला खोचलेला पदर सोडत होती आणि कडेला हिरवा ढीग पडला होता.

"भाऊजी, ध्यान कुठी हाय तुमचं? लीलाबाईच्या आंगनात हरळी! मले तं पाहवलं नाही. बायका बोलावल्या अन् मुळासकट काढली."

तेजरामने ढिगातली एक काडी उचलली. तेच पान, तीच गाठ. जी हरळी उपटण्यात लीलाबाईचा जन्म गेला, तीच त्याने पाकिटातून आणून, पाणी घालून वाढवली होती.

तो तसाच साकोलीला गेला. "हरळी विकून राहिला काय बे?"

"काकाजी, शहरात तिलेच बर्मुडा म्हणतात!"

"मंग दुसरं दे. हरळीसारखं दिसाले नाही पाहिजे."

अतुलने सावलीतही वाढणारं, रुंद पानाचं दिलं. तेही छान उगवलं. आणि स्मृतिदिन तोंडावर आला असताना एका सकाळी तुळसाबाई बायका घेऊन हजर झाली. प्रत्येकीच्या हातात खुरपी.

"भाऊजी, आता सावा निघाला वाटते! धानात धानासारखाच लपनारा चोर आंगनात काहून आला?"

"अवं, थो सावा नाही..." तेजरामने तोंड उघडलं. पण बायका निंदणाला, तण उपटायला, ओळीने बसल्यासुद्धा होत्या, आणि बोलणं सुरू झालं होतं.

"लीलाबाई असती तं एकटीनं केलं असतं वो."

"खुरपी कुठं लागे तिले! दोन बोटं घातली का मूळ वर."

"माह्याकून एकदा सावा समजून धानच उपटला गेला," एक जण म्हणाली. "थे कोणाले बोलली नाही. दिवसभर माह्या बाजूनं चालली, माही ओळ सुधारत."

"अन् भाऊजीबद्दल काय म्हणे, सांगू का?" तुळसाबाई हसली.

"काय म्हणे?" तेजराम ओट्यावरून उठूनच आला.

"म्हणे, माह्या बुड्याले धान कोणता अन् सावा कोणता हे समजत नाही. पण बाजाराच्या गर्दीत मी कुठंही असो, मले बरोबर ओळखते."

बायका खुरपी टाकून हसल्या. तेजरामही हसला आणि डोळे पुसत आत गेला. इतक्या वर्षांच्या संसारात बांधीतली, धानाच्या शेतातली लीलाबाई त्याने पाहिलीच नव्हती. तिकडे बायकांचं राज्य होतं. त्याने सगळ्यांसाठी चहा ठेवला, आणि चहा देताना आंब्याखाली राहिलेलं गवतही बोटाने दाखवलं. "तिकडचं राहिलं नं वो. निवांत काढा."

स्मृतिदिनाला लोक मागून आणलेल्या सतरंज्यांवर बसले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी तं गवत लावणार होते ना?" तेजराम नुसता 'हो' म्हणाला.

पुढच्या बाजारी तो पुन्हा अतुलच्या दुकानात उभा होता.

"आता कोणतं देऊ, काकाजी? उन्हातलं का सावलीतलं?"

"कोणतंही दे," तेजराम म्हणाला. "फक्त ज्याचं निंदण जास्त निघते, थे पाहून दे."

अंगणात गवत अजून झालेलं नाही.