गुलाबी ठिपक्यांचं इंजिन

बल्लारपुरात आमच्या शेजारी राहणारे किसनभाऊ गाडीच्या प्रत्येक पार्टवर मुलीच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका द्यायचे. "खूण पायजे पोरी," मला म्हणायचे. "मेकॅनिक नवा पार्ट काढते, जुना टाकते. मले सगळं मालूम हाये."

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. गाडी म्हणजे जुनी फियाट, गॅरेज म्हणजे अंगण. इंजिनचं काम बाहेर द्यायला पैसा लागतो आणि विश्वासही. भाऊंकडे पैसा बेताचा, विश्वास मुळीच नाही. त्यांनी कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन स्वतःच उपसलं. पिस्टन तांदळाच्या पिंपात, रिंगा मसाल्याच्या डब्यात. बायको वारल्यापासून घरात ते आणि लेक उज्ज्वला दोघंच. महिनाभर दोघांनी ऑइलचा वास येणारं वरण खाल्लं.

मी तेव्हा चळवळीत होते; मी वाटलेलं मोर्चाचं पत्रकसुद्धा ते उलटून बघत. "याच्यामागं कोन हाये?" मी 'कोणी नाही' म्हटलं, की मान हलवत. "मंग तर जास्तच गडबड हाये."

उज्ज्वलाला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सोमवारी हजर व्हायचं होतं. "माह्या पोरीले मी माह्याच गाडीनं पोचवीन," भाऊंनी जाहीर केलं. शुक्रवारी दुपारी इंजिन परत गाडीत बसलं आणि चक्क सुरू झालं. दोन बोल्ट उरले. "कंपनीनं जास्तीचे देल्ले."

शनिवारी सकाळी बॅगा गाडीत गेल्या, पण गाडी चालू होईना. भाऊंनी बॉनेट उघडलं आणि ओरडले, "रोटर चोरला!" अंगठ्याएवढा तुकडा, तो नसला की इंजिन मुकं.

आधी संशय कोपऱ्यावरच्या सलीम मेकॅनिकवर. मग माझ्यावर. "काल तूच आलती ना इथी?"

मी पेटले. पुराव्याशिवाय आरोप म्हणजे अन्याय! "झडती घ्या माझ्या घराची, भाऊ! पण आधी तुमच्या घराची!" म्हणत मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. डबे उघडले. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं.

रोटर. वर गुलाबी ठिपका.

वळले तर दारात भाऊ. नजर जमिनीवर. "आजचाच दिस पोरगी घरी ऱ्हाईन," ते पुटपुटले. "उद्या रेल्वेनं जाईन ना ते."

बाहेरून उज्ज्वलाची हाक आली, "गावला का वं?"

"नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी चोराला सामील झाले. रोटर परत तांदळात ढकलला आणि हळूच बजावलं, "पण सलीमभाईची माफी मागायची."

"मागतो, माय."

रविवारी स्टेशनवर उज्ज्वलानं पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून बापाच्या हातात दिली. "ठेवा, बाबा. अन् रोटर आता तांदयातून काढून घ्या. मले शुक्रवारीच गावलता, भात मांडताना."