अक्कांनी निवडलेला कॅटलॉग

आमच्या ऑफिसात कुठलीही गोष्ट बेवारशी दिसली, की प्रमिला अक्का तिच्यासमोर उभ्या राहून विचारायच्या, "याना मालक कोन शे?" मग ती छत्री असो, अर्धा समोसा असो, नाहीतर कॉम्प्युटरमधला डेटा.

जळगावची आमची कंपनी रावेरची केळी बाहेर पाठवते. अक्का तिथल्या डेटाच्या प्रमुख. आमच्याकडे 'वजन' नावाचे तीन रकाने होते : एक दांड्यासकट, एक दांडा काढून, एक खोक्यासकट. कुठला कोणता, हे फक्त अक्कांना पाठ. त्यामुळे त्या जेवत असोत की कुणाच्या लग्नात अक्षता टाकत असोत, फोन त्यांनाच.

शेवटी डेटा कॅटलॉग घ्यायचं ठरलं. कुठल्या रकान्याचा अर्थ काय, तो येतो कुठून, हे ज्याचं त्याला शोधता यावं म्हणून. आता ओपन सोर्स घ्यायचा की विकतचा?

ओपन सोर्सवाला अक्कांनी स्वतःच बसवला. नवी आवृत्ती टाकली की तो रुसायचा. अक्का एका हातात कळण्याची भाकरी धरून दुसऱ्या हातानं त्याला ताळ्यावर आणायच्या. मी बघतच राहायचो.

विकतचा घेऊन पुण्याहून एक टायवाला आला.

"बंद पडला तर फोन कोण उचलेल?" अक्कांनी विचारलं.

"आमची टीम, मॅडम."

"टीम नको. नाव सांगा."

त्यानं एका माणसाचं नाव आणि नंबर दिला. रविवारी भर दुपारी अक्कांनी त्या माणसाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला, तेव्हा म्हणाल्या, "काही नाही. जेवलात का?" सोमवारी हे आम्हाला ऐटीत सांगितलं आणि विकतचाच निवडला.

मी चक्रावलो. "अक्का, तुमचा फुकट आहे, शिवाय छान चालतोय!"

"तो मना जीववर चालस, भाऊ. मी नही ऱ्हायनी तं कोन देखी?"

सगळे अर्थ त्यांनी स्वतः त्यात भरले आणि मोठ्या बहिणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस पिंपळनेरला गेल्या. इतकी लांब रजा त्यांनी कधी घेतलीच नव्हती. कॅटलॉग झकास चालला. कुणाचं काही अडलं नाही. अक्कांना कुणी फोनही केला नाही.

काही दिवसांनी त्यांचाच आला. "सगळं सापडतंय ना?"

"सापडतंय, अक्का."

"बरं." मग हळूच म्हणाल्या, "कुणी काही विचारत होतं का?"

"मीच विचारणार होतो," मी म्हणालो. "तो 'परत' रकाना म्हणजे आपल्याकडे आलेला माल, की आपण पाठवलेला?"

अक्कांचा आवाज एकदम खुलला. "अरे, त्यात गंमत आहे! थांब, पहिल्यापासून सांगते."

उत्तर माझ्यासमोर स्क्रीनवर होतं, त्यांनीच लिहिलेलं. मी स्क्रीन बंद केली आणि खुर्चीत मागे रेलून ऐकू लागलो.