चौथ्या रकान्यातलं नाव

सरावलीच्या कामगार वसाहतीतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल नरहरी शेवाळे यांना दोन गोष्टींची धास्ती होती. एक चारचौघांत बोलण्याची आणि दुसरी अर्जातल्या रिकाम्या रकान्याची. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली वसाहतीच्या नृत्यस्पर्धेत या दोन्ही धास्तींनी मिळून त्यांना गाठलं.

स्पर्धेचे अर्ज भरून घ्यायचं काम चिटणीस खंडेरावांनी त्यांच्यावर ढकललं होतं. बेटेगावचा जिव्या आपला भोपळ्याचा लांबलचक तारपा खांद्याला लावून आला. सोबत नाचाच्या रांगेत पुढे असणारी कमळी होती. तीन रकाने भराभर भरले. चौथ्याशी नरहरी अडले.

"नृत्यदिग्दर्शक कोण?"

"तो कोण रं?" कमळीने जिव्याला विचारलं.

"म्हणजे नाच शिकवणारा," नरहरी म्हणाले.

जिव्या हसला. "भाऊ, तुला चालायला कुनी शिकवला? तसाच हाय ते. तारपा जिकडं जातो तिकडं नाच जातो."

"मग तुमचं नाव लिहितो."

"माजा कशाला? मी तं वाजवतो. वाजवणाऱ्यात लिवला ना मगाशी?"

आता आली पंचाईत. रकाना रिकामा राहिला तर अर्ज बाद होणार, आणि असला नाच अर्जापायी बाद झाला तर नरहरींना आठवडाभर झोप लागली नसती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तूर्तास म्हणून स्वतःचंच नाव हलक्या हाताने लिहून ठेवलं. बेटेगावात कोणा जाणत्याला विचारून नंतर खोडायचं होतं.

"पन भाऊ," कमळी म्हणाली, "ते स्टेजवर चडायचा कवा, उतरायचा कवा, आमाला काय कळंल?"

"माझ्याकडे बघत राहा. मी चालायला लागलो की माझ्या मागे या."

दुपारी नरहरी जेवायला घरी गेले तेवढ्यात खंडेरावांनी अर्जांचा गठ्ठा उचलून टंकलेखनाला धाडून दिला. टंकलेखन यंत्राला पेन्सिल आणि शाई यांतला फरक कळत नाही.

रविवारी दुपारी मांडव खचाखच भरला. नरहरी चालले तसे बेटेगावकर स्टेजवर चढले, नाचले, आणि नरहरी पुन्हा चालले तसे उतरले. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. नरहरींचे डोळे भरून आले. ते पुसतात न पुसतात तोच खंडेराव माइकवर गरजले, "आणि उत्कृष्ट नृत्यदिग्दर्शनाचा खास सन्मान, आपले श्रीयुत नरहरी शेवाळे!"

दोघांनी त्यांना धरून वर नेलं. अंगावर शाल पडली, हातात ढाल आली, तोंडासमोर माइक आला.

"मी... मी यात काहीच केलेलं नाही," नरहरी पुटपुटले.

टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच! मला नाचता येत नाही!"

मांडव हसला आणि दुप्पट टाळ्या पडल्या. "केवढा हा विनय!" अध्यक्ष सद्गदित झाले. "शेवाळे, आता संघाला बोलवा आणि एक फेरी स्वतः नाचून दाखवाच."

खंडेरावांनी संघाला वर आणलं आणि जिव्याने गाल फुगवले. तारपा घुमू लागला. नाचणाऱ्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घातले आणि सगळ्यांनी नरहरींकडे पाहिलं. नरहरींनी पायऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या क्षणी शाल सावरत, ढाल छातीशी धरून ते पायऱ्या उतरू लागले.

जिव्याच्या लेखी हुकूम स्पष्ट होता. भाऊ चालला की मागे जायचं. तो तारपा फुंकत निघाला, आणि तारप्यामागे कमळीसकट सारी रांग निघाली. नरहरी खुर्च्यांना वळसा घालून पळाले, रांगही वळसा घालून पळाली. नरहरी ठेचकाळले, रांगेनेही ठेक्यात एकदा ठेचकाळून घेतलं.

"वाह! क्या डायरेक्टर है!" पाळी संपवून आलेला एक कामगार ओरडला आणि शेपटाला जाऊन जुळला. त्याच्यामागे आणखी वीसजण जुळले.

मांडव, चहाची टपरी आणि पाण्याची टाकी मागे टाकून नरहरी वाचनालयाच्या कुलूपबंद दाराशी थांबले. किल्ली मांडवातल्या खुर्चीवर राहिली होती. तारपाही थांबला.

"भाऊ," जिव्या धापा टाकत म्हणाला, "आता कुठं जायाचा?"

पुढच्या रविवारी नरहरी ढाल पिशवीत घालून बेटेगावला गेले. रात्र रात्र जागून पाठ केलेली कबुली त्यांनी एका दमात सांगून टाकली. पेन्सिल, टंकलेखन, चौथा रकाना, सगळं. "मी चोर आहे, जिव्या. हा मान तुझा आहे."

जिव्याने ढाल उलटीसुलटी करून पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"चोर कसा? तू पुडं चालला, आमी मागून आलो. तूच नाचवला आमाला पार टाकीपरेंत. नाव बरोबर हाय."

नरहरींनी ढाल पुन्हा पिशवीत घातली. कमळी मात्र कमरेवर हात ठेवून त्यांच्या चपलांकडे बघत होती.

"नाव बरोबर हाय, पन पाय लय वाईट पडतात तुजे," ती म्हणाली. "आमाला लाज वाटते. काड त्या चपला, आनि उबा ऱ्हा माज्या बाजूला."