पहिल्या क्रमांकाचं सेवण

यंदाच्या गणेशोत्सवातला देखावा पर्यावरणपूरक असावा, असा ठराव आमच्या कार्यकारिणीने एकमताने संमत केला. एकमत होण्याचं कारण साधं होतं. जयपुरातल्या मराठी मंडळांच्या स्पर्धेत यंदा पर्यावरणाला वेगळे गुण ठेवले होते. बनी पार्कातलं आमचं सह्याद्री स्नेह मंडळ म्हणजे बदलीवर आलेले बँकवाले, विमावाले, केंद्र सरकारवाले आणि अलीकडे कंपन्यांत आलेली तरुण पोरं. मी त्याचा चिटणीस. गेल्या वर्षी आम्ही ‘पाणी वाचवा’ हा देखावा केला होता. त्यातला धबधबा अखंड वाहता ठेवायला रोज टँकर मागवावा लागे, पण दुसरा नंबर आला. जळणाऱ्यांनी जळावं.

यंदा विषय शोधावा लागला नाही. आमच्याच गल्लीत प्रणिता नावाची साताऱ्याची मुलगी राहते. आमेरच्या पुढे एक सरकारी चारा संशोधन केंद्र आहे, तिथे ती शास्त्रज्ञ आहे. मंडळात तिचं व्याख्यान ठेवलं, कारण ठरलेला गायक ऐनवेळी आजारी पडला. ती सेवण नावाच्या वाळवंटी गवतावर बोलली. तिच्या म्हणण्याप्रमाणे गावोगावचं सेवण निराळं. एक उंच वाढतं, एक वाळूखाली गाडलं गेलं तरी डोकं वर काढतं, एकाला कीड शिवत नाही. उद्या हवा बदलली, रोग आला, तर त्यातलं नेमकं कुठलं तगेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून सगळी राखायची.

“त्यातलं जांभळट कणसाचं सेवण एकाच ओरणात उरलं होतं,” ती म्हणाली. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं कुरण. पिढ्यानपिढ्या तिथे कुणी कोयता नेला नव्हता. आता तिथे सौरऊर्जेचा प्रकल्प आहे. “बुलडोझर यायच्या आत चार ठोंब काढून आणले. तीन वर्षं जगवले. यंदा पहिल्यांदाच कणसं धरलीत. महिनाभरात बी पिकेल, मग काळजी नाही.” बोलताना पोरीने त्या ठोंबांचे फोटो सगळ्यांत फिरवले. खोटं कशाला सांगू, मीही दोनदा बघितले.

“विषय मिळाला!” अध्यक्ष वसंतराव टाळी वाजवत उठले. “देशी गवत वाचवा!”

मंडळातल्या तरुण पोरांपैकी राजसने लगेच मोबाइलवरून प्लास्टिकचं गवत मागवलं. ते छान होतं, पण स्पर्धेच्या नियमात प्लास्टिक बसेना. मग सी-स्कीममधल्या बंगल्यांना हिरवळ पुरवणाऱ्या नर्सरीतून गुंडाळ्या आणल्या. त्या अंथरल्यावर कळलं की ते गवत मूळचं परदेशी. राजस जयपुरातच वाढलेला, तो म्हणाला, “काका, आमेर रोडला दोन्ही साइडला देशीच गवत आहे. मतलब, फुकट!”

“शी!” सजावटप्रमुख विभाताई ओरडल्या. “त्याला गाई तोंड लावतात! ते बाप्पासमोर ठेवायचं?”

मुद्दा बिनतोड होता. चाऱ्याचं गवत हवं, पण ते गुरांनी हुंगलेलंसुद्धा नको. असं गवत साऱ्या जयपुरात एकाच ठिकाणी होतं, प्रणिताच्या केंद्राच्या कुंपणात.

तिला विचारलं तर ती उडालीच. “अहो, वाचवण्याच्या देखाव्यासाठी उपटणार? बी तरी पिकू द्या की हो!”

आजकालच्या मुलांना सामाजिक भान कमीच. सुदैवाने तिच्या केंद्राचे संचालक उमाकांत हे आमच्या मंडळाचे उपाध्यक्ष. आम्ही थेट त्यांच्या कचेरीत गेलो.

“कुंपणावर पाटी काय आहे?” वसंतरावांनी विचारलं.

“जनावरांना प्रवेश मना.”

“मग आपला काही संबंध येत नाही.”

उमाकांतांनी चहा मागवला आणि मन मोकळं केलं. “तुम्हाला काय सांगू, वसंतराव! संवर्धन या सदराखाली वर कळवायला माझ्याकडे काहीच नसतं. दर तिमाहीला विचारतात, काय केलंत? गवत होतं, गवत आहे, असं किती वेळा लिहायचं? जनजागृतीचं मात्र उद्दिष्ट दिलंय आणि तिथे अजून भोपळा आहे. खुशाल न्या.”

प्रणिताला त्या दिवशी प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. विषय होता, ‘यशोगाथा कशी लिहावी’. इकडे राजस आणि त्याचा दोस्त वरुण टेम्पो घेऊन वाफ्यावर पोचले. नुसतं कापलं तर सुकेल, म्हणून त्यांनी मुळासकट उपटलं. सगळ्यांत देखणं जांभळट कणसाचं, म्हणून ते आधी. नावाच्या पाट्याही आणल्या, अस्सलपणाला गुण असतात. पोरं कामाला वाघ आहेत.

देखावा असा उठला म्हणून सांगू! बाप्पाच्या दोन्ही बाजूंना सेवण, वर मोठे दिवे, मागे वाळवंटाचं चित्र. कणसं कॅमेऱ्यात फिकी दिसत होती, म्हणून विभाताईंनी त्यांच्यावर चंदेरी रंगाचा फवारा मारला. एक ठोंब जरा वाकडा होता, तो पडद्यामागे सरकवला.

परीक्षक यायला आणि प्रणिता यायला एकच गाठ पडली. ती दारातच थिजली. मग सरळ मंचावर चढून चंदेरी कणसं चाचपू लागली. वसंतराव प्रसंगावधानी माणूस. त्यांनी तिच्या हातात माइक दिला.

“हे शेवटचे होते,” ती म्हणाली. “कळतंय का तुम्हाला? जगात कुठेच नाहीत आता. तुम्ही मारलंत त्यांना!” आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

टाळ्यांचा कडकडाट थांबेना. एका परीक्षकबाईंनी डोळे पुसले. इतकं जिवंत सादरीकरण त्यांनी कुठल्याच मंडळात पाहिलं नव्हतं. पहिला क्रमांक जागच्या जागी जाहीर झाला.

ठोंब परत द्या, म्हणून ती पाठीस लागली, पण विसर्जनाआधी देखावा हलवला तर बक्षीस रद्द होतं. विसर्जनानंतर आम्ही सगळं सभागृहाच्या मागच्या भिंतीशी टाकलं. त्यातल्या पडद्यामागच्या ठोंबाने, ज्याला रंग लागला नव्हता, तिथेच मूळ धरलं. कणसं जांभळटच होती. प्रणिता रोज सकाळी कामावर जायच्या आधी बाटलीने त्याला पाणी घाली. “दोन आठवडे, काका,” ती मला म्हणाली, “फक्त दोन आठवडे कुणी हात लावू नका.” त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मलाही बरं वाटलं, मी काही दगड नाही.

मग गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की सभागृहामागे गवत माजलंय, साप निघतील, डास होतील. खाली भराभर अंगठे पडले. मीही एक टाकला, चिटणिसाने जनमतासोबत असावं. दुसऱ्या दिवशी गवत काढणारा माणूस आला आणि त्याने अर्ध्या तासात जागा लख्ख करून दिली. प्रणिता बाटली घेऊन आली तेव्हा तिथे ताजी फरशी बसवणं चालू होतं. बाटलीतलं पाणी तिने तिथल्या मजुराला प्यायला दिलं आणि गेली. आता तिने बदलीचा अर्ज केलाय म्हणे.

ग्रुपवर ते कुणी लिहिलं, हे तुम्ही विचाराल. नाव मी घेणार नाही, मला इथे राहायचंय. पण तुमच्याही सोसायटीचा असा ग्रुप असेल. मागचं गवत कधी काढणार, असं गेल्या पावसात तुम्ही त्यावर लिहिलं होतंत. ते कुठलं गवत होतं, खाली उतरून बघितलं होतंत का?