करंट म्हंजे कडबा

पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडात बैलांना काम सांगत नाहीत. आमचे शेजारी नथ्थूजी त्या दिवशी बॅटरीलाही काम सांगत नसत. सकाळीच ती लॉरीतून उतरवायची, पुसून ओट्यावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि पुरणपोळीचा घास तिच्यापुढे धरायचा. तो घास शेवटी तेच खात. कुणी हसलं तर म्हणत, "बैल तरी कोठं सारी खाते जी?"

तेव्हा आमच्या आळीत वीज यायची होती. पुढाऱ्यांच्या भाषणांत ती दर महिन्याला येई. पण सभा संपली की भाषण करणाराही कंदील घेऊनच घरी जाई. खरी वीज काय ती नथ्थूजींच्या लॉरीत. पूर्वी ते बैलगाडीनं कापूस जिनात पोचवत. पुढे अमरावती-अकोला लॉरी सुरू केली, पण मन जुवाखालीच राहिलं. बटण दाबून इंजिन सुरू करायची सोय होती. तरी ते घामाघूम होऊन हँडल मारत. "सकायी उठल्याबरोबर बैलाच्या पाठीत काडी घालता काय तुमी?" असा मलाच सवाल. करंट म्हंजे कडबा, हे त्यांचं तत्त्वज्ञान. आहे म्हणून उधळायचा नाही. या तत्त्वज्ञानापायी त्यांच्याकडे क्लीनर टिकत नसे, कारण भोंगा वाजवायचा म्हटलं तरी आधी नथ्थूजींना विचारावं लागे.

अकोल्याच्या कोर्टात माझी कामं असत, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून जाई. केबिनमध्ये मुंबईहून मागवलेला एक छोटा विजेचा पंखा होता. पहिल्यांदा बसलो तेव्हा मी सदऱ्याची गुंडी सैल करून वाऱ्याची वाट पाहिली. पंखा फिरला, पण त्याचं तोंड खाली, सीटखालच्या बॅटरीकडे. तिला ऊन सोसत नाही म्हणे. ज्याच्या जिवावर फिरायचं त्यालाच वारा घालायचा, ही रीत मी सरकारदरबारी पुष्कळ पाहिली होती. पंख्यात प्रथमच पाहिली.

या काटकसरीला अपवाद एकच होता. मुर्तिजापूर सोडलं की पुढे सोनखेड लागे. त्याच्या अलीकडे नथ्थूजी लॉरी थांबवत, तोंड धुवत, सीटमागचा गुलाबी फेटा काढून बांधत आणि केबिनच्या छताला लावलेला बल्ब पेटवत. मग मान ताठ, नजर समोर, आणि लॉरी माणसाच्या चालीनं गावातून. ही स्वारी नेहमी दिवेलागणीलाच निघे. त्यासाठी मुर्तिजापूरला तिसरा चहासुद्धा होई.

सोनखेडला त्यांची एकुलती एक लेक दिली होती. लग्नात नथ्थूजींनी कौतुकानं भोंगा वाजवला. त्यासरशी व्याह्यांच्या गाडीचे बैल उधळले आणि नवरदेव दमणीसकट पऱ्हाटीच्या वावरात गेला. एवढ्यावर भागलं असतं, पण नथ्थूजी हसले. व्याही म्हणाले, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नका. नथ्थूजी म्हणाले, नाही ठेवत. दोन वर्षं झाली, दोघेही शब्दाचे पक्के. लेक दिवाळीलासुद्धा माहेरी आली नाही. मी बल्बाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्याह्याले पाहू द्या, कोन चाल्लं ते." मला ते पटलं. व्याह्याला दिपवण्यासाठी माणसं याहून महागड्या गोष्टी करतात.

कापसाच्या मोसमात एकदा मुर्तिजापुराजवळ बॅटरी भरणारा डायनामो बंद पडला. आता बॅटरीत असेल तेवढाच कडबा, आणि त्यातला घास इंजिनालाही हवा. सोनखेड आलं तेव्हा अंधारू लागलं होतं.

"बाहेरचे दिवे लावले त आतला लागत नाही," नथ्थूजी म्हणाले. "काय करू?"

"बाहेरचे लावा. नाहीतर खड्ड्यात जाऊ."

त्यांनी फेटा बांधला. मग सीटमागून कंदील काढून पेटवला आणि माझ्या हातात दिला. "तुमी फक्त समोर चाला, वकीलसायेब. म्या मांगून येतो."

आमच्या घराण्यात वकील झाले, कीर्तनकार झाले. दिवट्या मीच पहिला. काळ्या कोटात, कंदील धरून मी सोनखेडातून चाललो आणि मागून उजळलेल्या मखरात बसल्यासारखे नथ्थूजी. कुत्री माझ्यावरच भुंकली. व्याह्यांच्या ओट्यावर मला व्याही दिसले नाहीत. दारात एक तरुण बाई पणती घेऊन उभी होती. लॉरी पुढे निघून गेली तरी तिनं पणती खाली ठेवली नव्हती.

गावाबाहेर नथ्थूजींनी बल्ब मालवला. मी वर चढून बसलो.

"दारात होती काय जी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तर समोरून गेलात. दिसली नाही?"

"आत उजेड असला का बाहेरचं काईच दिसत नाही. काच नुसती कायी होते." ते फेट्याची घडी घालत होते. "तिले मी दिसतो. दिवा लावाले तेवढीच दारात येते ते. मले दोन वर्सांत एकडाव नाही दिसली. वायली त नाही ना?"

वाळली नाही, मी म्हणालो. उलट एक हात कमरेवर ठेवून, जरा मागे रेलून उभी होती. आमच्या घरी चार बाळंतपणं झाली आहेत, तेवढं मला कळतं. महिना-दोन महिन्यांत तुम्हाला आजोबा म्हणावं लागेल.

नथ्थूजींनी फेटा सीटमागे ठेवला.

"पयलं बायंतपन माहेरीच असते जी," ते म्हणाले. "आनाले मलेच जा लागंन. व्याह्याच्या दारात."

मग ते खाली वाकले. डायनामो बंद, पंखा बंद. पण त्यांनी त्याचा स्क्रू ढिला केला, त्याचं तोंड बॅटरीकडून वळवून मी बसलो होतो त्या जागेकडे केलं, आणि मला जरा पलीकडे सरकायला सांगून वारा नेमका कुठे लागेल ते हातानं पाहू लागले.