लाल गाडी की हिरवी

"सोमवारपासून सखाराममामा येतायत," मनस्वीने चहा पुढे ठेवत सांगितलं आणि गुरुप्रसादला चहा न पिताच ठसका लागला.

"किती दिवस?"

"आंबा उतरेपर्यंत. मीच बोलावलंय. माकडांनी बागेची काय दशा केलीय ती बघताय ना? तुम्ही दिवसभर पतसंस्थेत, माझ्यामागे फणसपोळीच्या ऑर्डरी. राखायला कोणीतरी नको?"

सखाराममामा म्हणजे मनस्वीचे सावर्ड्याचे मामा. माणूस तसा वाईट नाही हो. पण गेल्या साली एका लग्नासाठी म्हणून राहायला आले आणि जाईपर्यंत त्यांनी घरातली खाट, टीव्ही आणि पाण्याचं पिंप या सगळ्यांच्या जागा बदलल्या. गुरुप्रसादला आंबा कापता येत नाही, नळ बंद करता येत नाही आणि बायकोच्या माणसांशी बोलता येत नाही, हे त्यांनी त्याला प्रेमाने, सकाळ-संध्याकाळ समजावून सांगितलं. पतसंस्थेत शाखाधिकारी म्हणून मिरवणाऱ्या माणसाला आपल्याच ओटीवर पाहुण्यासारखं अंग चोरून बसावं लागलं. तेव्हा थोडे दिवस होते, आता अख्खा हंगाम.

"माकडांचा बंदोबस्त मी करतो," गुरुप्रसाद म्हणाला. "मामांना कशाला या वयात त्रास?"

"फटाके झाले, पत्र्याचे डबे झाले. तो वाघ आणलात त्याचं काय झालं?"

गुरुप्रसादने कपात तोंड खुपसलं. हातखंब्याच्या बाजारातून त्याने कापसाचा हातभर लांब वाघ आणून आंब्याच्या कलमाखाली बसवला होता. पहिल्या दिवशी माकडं लांब राहिली. मग त्यांची पिल्लं वाघाच्या पाठीवर बसून आंबे खायला लागली.

"रविवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "रविवारी माकडं पळाली नाहीत तर खुशाल येऊ देत मामांना."

एवढ्या ठामपणे बोलायला कारण होतं. त्याचा शाळेतला दोस्त हाशिम मस्कतहून सुट्टीवर आला होता. तिकडे तो गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता आणि सुट्टीच्या दिवशी वाळवंटात रिमोटच्या गाड्या पळवायचा त्याला नाद लागला होता. आदल्याच संध्याकाळी जयगडला त्याच्या घरी गुरुप्रसादने त्या दोन गाड्या बघितल्या होत्या. एक लाल, एक हिरवी. नारळाएवढी जाड चाकं, पोटाखालून मांजर जाईल एवढी उंची, आणि आत लिंबाएवढं खरंखुरं इंजिन.

"सेलवर चालते?" गुरुप्रसादने विचारलं होतं.

"सेल रिमोटला. गाडी नायट्रोवर," हाशिम म्हणाला. "पेट्रोल पण नाय चालत. इंधन वेगळं, विमानात आणू देत नाय, म्हणून पुण्याहून मागवलं. एकदा चालू करतो, बघ."

हाशिमने अंगणात लाल गाडी चालू केली मात्र, शेजारची कुत्री जेट्टीच्या दिशेने पळाली, कोंबड्या माडावर चढायला बघू लागल्या, आणि हाशिमची बायको रुबिना नाकाला ओढणी लावून बाहेर आली. "भावोजी, यातली एक तरी घेऊन जा हो," ती म्हणाली. "घरभर हा वास. बिर्याणीला पण येतो."

पळणाऱ्या कुत्र्यांकडे बघताना गुरुप्रसादला आपल्या बागेतली माकडं आठवली. आता खरं सांगायचं तर माकडं नंतर आठवली. आधी रिमोट हातात घ्यावासा वाटला. पण शाखाधिकाऱ्याने खेळण्यासाठी गाडी मागायची म्हणजे शोभत नाही, तेव्हा माकडं कामाला आली.

"एक तुला दिली," हाशिम म्हणाला. "दुसरी मी बरोबर नेतो. कुठली ते तू ठरव."

झालं. पतसंस्थेत साधा पंखा घ्यायचा तरी तीन दुकानांचे भाव मागवणारा माणूस तो. त्याने हाशिमला उलटतपासणीला धरलं. चालू कशी होते? लाल बटणावर, हिरवी दोरी ओढून, ग्रास कटरसारखी. वेग? लाल वाऱ्यासारखी, हिरवी जरा शांत. वजन? हिरवी भारी, म्हणून उलटत नाही. टाकी? दोन्हींची पेल्याएवढी. आवाज? दोन्ही सारख्याच बदनाम. इंजिन नवं असताना काय? आधी हळूहळू चालवून मुरवावं लागतं. लोणच्यासारखं? हो, लोणच्यासारखं. गुरुप्रसादने धुराचा रंगसुद्धा विचारला. हाशिमच्या आयुष्यात त्याच्या गाड्यांबद्दल एवढं कुतूहल कुणी दाखवलं नव्हतं. तो भारावून गेला आणि रविवारी दोन्ही गाड्या बागेत आणून तुलना करायचं ठरलं. जी माकडांना जास्त लांब पळवेल ती घ्यायची.

रविवारी सकाळी हाशिम गाड्या, इंधनाचा डबा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर झाला. त्याच्या पाठोपाठ फाटकातून सखाराममामाही आले.

"मामा, तुम्ही उद्या येणार होतात ना?" गुरुप्रसाद म्हणाला.

"मनू बोलली फोनवर, जावयबापूंनी माकडांसाठी मोटार काढलीय. म्हटलं, बघूया तरी," मामा म्हणाले आणि लाल गाडी उचलून तिच्या पोटाखाली बघू लागले. "ह्याच्यात माणूस बसत नाय?"

"नाही."

"मग हाकतो कोण?"

"रिमोट आहे."

"असं," म्हणून मामांनी गाडी खाली ठेवली आणि हिरवी उचलली.

सगळी तयारी झाली. नव्हती ती फक्त माकडं. रोज उजाडताच कलमांवर नाचणारी टोळी त्या दिवशी कुठे बसली होती देव जाणे. दोघे दोस्त रिमोट धरून कलमाखाली ताटकळत बसले. ऊन वर आलं. मनस्वी घरापुढच्या खळ्यात फणसपोळीची ताटं वाळत घालता घालता मधून मधून मान वळवून बघत होती.

"माकडं नसली तर मी जिंकलो," गुरुप्रसाद म्हणाला.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "ती आज सुट्टीवर आहेत."

"मी काय म्हणतो, जावयबापू," मामा म्हणाले, "राखणदाराला गाऱ्हाणं घातलंत काय? बागेत नवीन वस्तू आणली, त्याला इचारायला नको?"

बागेच्या बांधाला एक शेंदूर लावलेला धोंडा आहे. तो बागेचा राखणदार. त्याला विचारल्याशिवाय मनस्वी पहिला आंबाही उतरवू देत नाही. तिला हे लगेच पटलं. नारळ आला, केळ्यांची फणी आली. मामांनी टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, तुझ्या लेकरांनी ही मोटार आणलीय. तिला यश दे, आणि ह्या बागेतली माकडं जिथली तिथं घालव रे महाराजा." बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. हाशिमनेही म्हटलं, कारण गाडी त्याची होती.

नारळ फोडून, केळी धोंड्यापुढे ठेवून मंडळी वळतात तोच मागे धप्प आवाज झाला. केळ्यांच्या वासाने अख्खी टोळी उतरली होती. माकडं घालव म्हणून सांगितलेल्या देवाने ती बोलावून आणली होती, आणि गुरुप्रसादला इतका आनंद झाला की त्याने मनातल्या मनात आणखी एक नारळ कबूल केला.

"लाल आधी," तो कुजबुजला.

हाशिमने बटण दाबलं. टर्रर्र करून लाल गाडी निळा धूर सोडत सुक्या पातेऱ्यातून अशी सुसाट सुटली की माकडं केळी टाकून शेंड्याला जाऊन बसली. गुरुप्रसादने विजयी मुद्रेने मनस्वीकडे बघितलं. तेवढ्यात गाडी एका मुळावरून उडाली, उलटी पडली आणि बंद झाली. चार चाकं आभाळाकडे करून ती पडून राहिली. थोड्या वेळाने टोळीचा म्होरक्या, एक दांडगा हुप्प्या, खाली उतरला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वास घेतला आणि बोटाने एक चाक फिरवून बघितलं. ते फिरलं. त्याने दुसरं फिरवलं. मग तो मांडी घालून बसला आणि आळीपाळीने चारही चाकं फिरवत राहिला. बाकीची माकडं त्याच्याभोवती दाटीने बसून बघू लागली.

"गिऱ्हाईक दिसतंय," मामा म्हणाले.

"हिरवी काढ," गुरुप्रसाद दात आवळून म्हणाला.

हिरवीची दोरी हाशिमने ओढली, पुन्हा ओढली, प्लग काढून पुसला, पुन्हा ओढली. शेवटी ती धडधडत चालू झाली. आता गुरुप्रसादला राहवेना. "दे इकडे," म्हणून त्याने रिमोट ओढून घेतला. गाडी माकडांकडे गेली आणि माकडं दोन हात मागे सरली. इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने ती परत आपल्याकडे वळवली आणि तिथेच घात झाला. गाडी समोरून येत असली की तिचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, ही गोष्ट हाशिम सांगायला विसरला होता. गुरुप्रसादने डावीकडे वळवली, ती उजवीकडे वळली. घाबरून त्याने आणखी डावीकडे पिळली. गाडी आणखी उजवीकडे वळली आणि थेट खळ्यात शिरली.

"अहो, माझ्या पोळ्या," मनस्वी ओरडली.

गाडी पहिल्या ताटावरून गेली, दुसऱ्यावरून गेली, आणि भांबावलेल्या गुरुप्रसादने तिला थांबवण्याऐवजी जोर दिल्यामुळे तिसऱ्यावरूनही गेली. अर्धवट वाळलेली, चिकट, गोड फणसपोळी चारही चाकांना लपेटली. तसल्या बरबटलेल्या चाकांनिशी ती पुन्हा बागेत शिरली, आणि फणसाचा वास सगळीकडे सुटला.

हुप्प्याने लाल गाडीचं चाक सोडलं. त्याने नाक वर केलं. पुढच्या क्षणी माकडांना पळवायला आणलेली गाडी पुढे आणि सगळी टोळी तिच्यामागे, अशी बागेत धावाधाव सुरू झाली. एका पिल्लाने चाकावरून उडालेला तुकडा उचलून खाल्ला आणि आईला दाखवला. शेजारच्या बागेतली माकडंसुद्धा दगडी गडग्यावरून उड्या टाकत आली.

"थांबव रे," हाशिम ओरडला. "गाडी मोडतील."

"थांबवली तर ती इथंच बसतील," गुरुप्रसाद म्हणाला. तेही खरं होतं. तो घामाघूम होऊन नुसता गोल गोल फिरवत होता.

"आणा इकडं," म्हणून मामांनी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला. ते गाडीमागे चालू लागले. गाडीचं तोंड आणि मामांचं तोंड एकाच दिशेला असल्यामुळे डावं डावीकडेच जाऊ लागलं. जरा पुढे नेली, जरा थांबवली, माकडं जवळ आली की पुन्हा सोडली. गडग्याच्या खिंडारातून गाडी बाहेर गेली, सड्याच्या कातळावर चढली, आणि खडखडत पलीकडच्या रानाकडे निघाली. मागोमाग बागेतलं एकूण एक माकड गेलं.

बाग रिकामी झाली. इतकी शांत की पिकलेला आंबा पडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने मामा रिकाम्या टाकीची, चाटूनपुसून स्वच्छ झालेली गाडी काखेत मारून परत आले. त्यांच्या तोंडावर कधी नव्हे ते हसू होतं.

"हीच ठेवा, जावयबापू," ते म्हणाले. "लाल न्या म्हणावं परत. तिच्या मागं माकडांना धावायला जमत नाय. ही कशी, त्यांना झेपेल अशी चालते."

हाशिमने ते मान्य केलं. वेग, वजन, धूर सगळं बघून झालं होतं, आणि निवड मात्र माकडांच्या सोयीने झाली होती. पण गुरुप्रसादचं तिकडे लक्षच नव्हतं. तो उजळलेल्या तोंडाने मनस्वीसमोर जाऊन उभा राहिला.

"गेली की नाही माकडं? ठरल्याप्रमाणे मी जिंकलो. आता मामांना राहायचा त्रास नको."

मनस्वी मोडलेल्या पोळ्यांचे तुकडे गोळा करत होती. "गेली ना," ती शांतपणे म्हणाली. "हे तुकडे आता चाकांना लावायलाच ठेवते. फक्त एवढं सांगा, उद्या सकाळी तुम्ही पतसंस्थेत गेल्यावर ही गाडी चालवणार कोण?"

गुरुप्रसादने हाशिमकडे बघितलं. हाशिमचं मंगळवारचं विमान होतं. त्याने मनस्वीकडे बघितलं, तिचे हात कोपरापर्यंत फणसात होते. गाडीबद्दल विचारायचं म्हणून त्याने धुराच्या रंगापर्यंत सगळं विचारलं होतं. एवढं एक राहून गेलं होतं. मामांनी ओटीवरची खाट कधीच भिंतीकडे सरकवली होती आणि तिच्याखाली ते इंधनाचा डबा नीट लावून ठेवत होते.

आठवडाभर एक आंबा गेला नाही. मनस्वी खूश, मामा खूश, माकडं तर वेळेवर येऊन रांगेत बसत. पुढच्या रविवारी गुरुप्रसाद अंधारातच उठला, दाढी केली, चहाही न घेता सड्यावर गेला आणि मामांसमोर हात पुढे केला.

"मामा, आज मी चालवतो. तुम्ही बसा जरा."

मामांनी रिमोटवरची नजर काढली नाही. "तुम्हाला कशाला त्रास, जावयबापू," ते म्हणाले. "तुम्ही आपले मागनं या. पोळीचा तुकडा कुठं पडला तर उचलत चला, म्हंजे माकडं तिथं रेंगाळणार नायत."

आणि त्या सकाळी सड्यावरून सगळ्यांत पुढे हिरवी गाडी, तिच्यामागे माकडं, माकडांमागे सखाराममामा, आणि सगळ्यांत मागे हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन, वाकून वाकून कातळ बघत चाललेले शाखाधिकारी, अशी वरात रानाकडे गेली.